फायबर चॅनेलचा मार्ग वारंवार तुटतो तेव्हा: कमांड-लाइनवरून एचबीए आणि केबलची तपासणी

लिनक्स सर्व्हरपासून स्टोरेजकडे फायबर चॅनेलचे (स्टोरेजसाठीच्या प्रकाश-केबलच्या जाळ्याचे) दोन मार्ग गेलेले असतात आणि दिवसभर दोन्ही ठीक दिसतात. तरीही आठवड्यातून काही वेळा, बहुधा रात्रीच्या बॅकअपच्या वेळी, त्यांतला एक मार्ग गळतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. मल्टिपाथ (एक मार्ग गेला की भार दुसऱ्यावर नेणारी लिनक्समधली सोय) आपले काम चोख करत असल्यामुळे डेटाबेस बंद पडत नाही. काही सेकंद सगळे अडखळते, आणि सकाळी कोणी लॉग उघडलाच तर लिंक डाउन, लिंक अप आणि रिमोट पोर्टची (समोरच्या स्टोरेजच्या पोर्टची) मुदत संपल्याच्या ओळी सापडतात. ही तक्रार जितक्या वेळा येते तितक्याच वेळा ‘कार्ड बदलले’ किंवा ‘केबल बदलली’ असा शेरा मारून बंद केली जाते, आणि महिन्याभरात पुन्हा उघडते.

मोजमाप न करता भाग बदलत जाणे मला मान्य नाही. कारण सरळ आहे: सर्व्हरचे कार्ड (एचबीए), त्यावरचा एसएफपी (प्रकाश पाठवणारा आणि घेणारा काढता-घालता येणारा भाग), पॅच कॉर्ड, पॅच पॅनेल, दुसरी कॉर्ड, स्विचचा एसएफपी आणि स्विचचा पोर्ट अशी सात ठिकाणे या एका मार्गावर आहेत, आणि यांपैकी काहीही बदलताना केबल काढून पुन्हा बसवावी लागते. त्या काढण्या-बसवण्यानेच टोकावरची धूळ जरा सरकते आणि दोष काही दिवस दबतो. मग नवे कार्ड बसवल्यामुळे काम झाले असा समज होतो. म्हणून आधी काउंटर शून्यावर आणावेत, दोष कोणत्या तुकड्यात आणि कोणत्या दिशेने आहे ते ठरवावे, आणि मगच हात लावावा. खाली कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. चालवताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

काहीही करण्यापूर्वी दुसरा मार्ग खरोखर निरोगी आहे याची खात्री करावी. ‘मल्टिपाथ -एलएल’ चालवून प्रत्येक लनसमोर (स्टोरेजने दिलेल्या आभासी डिस्कसमोर) दोन्ही कार्डांवरचे मार्ग सक्रिय दिसतात का ते पाहावे. एखाद्या लनला फक्त सदोष बाजूचाच मार्ग असेल, तर पुढची एकही चाचणी त्या पोर्टवर करू नये. सर्व्हर सॅनवरूनच (याच स्टोरेज-जाळ्यावरून) बूट होत असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. दुसरी गोष्ट घड्याळांची. सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज या तिघांची वेळ एकाच वेळ-सर्व्हरशी जुळलेली नसेल, तर ‘डीमेसेज -टी’मध्ये (टी मोठ्या लिपीतला) २ वाजून १० मिनिटांनी दिसणारी घटना आणि स्विचच्या ‘एररडंप’मध्ये २ वाजून १७ मिनिटांनी दिसणारी घटना एकच आहे की वेगळी, हे ठरवता येत नाही आणि सगळी चिकित्सा तिथेच थांबते.

सर्व्हरच्या बाजूचे आकडे

लिनक्समध्ये यासाठी वेगळे साधन बसवावे लागत नाही. सिस या आभासी फाइलव्यवस्थेत क्लास, त्याखाली एफसी-होस्ट, आणि त्यात प्रत्येक पोर्टची एक डिरेक्टरी असते. तिथे पोर्टची स्थिती, चालू वेग आणि डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा जगात एकमेव असलेला ओळख-क्रमांक) मिळतो, आणि स्टॅटिस्टिक्स या उपडिरेक्टरीत काउंटर असतात: लिंक फेल्युअर, लॉस ऑफ सिग्नल, लॉस ऑफ सिंक, इनव्हॅलिड टीएक्स वर्ड (ओळखता न आलेले संकेतशब्द) आणि इनव्हॅलिड सीआरसी (फ्रेमची, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाची, पडताळणी न जुळणे). प्रत्येक काउंटर ही एक छोटी फाइल आहे आणि ‘कॅट’ने ती वाचता येते.

येथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला म्हणजे हे आकडे षोडशमान पद्धतीत असतात. शून्य-एक्स-१० म्हणजे दहा नव्हे, सोळा. दुसरा म्हणजे काही काउंटरांत शून्य-एक्सनंतर ओळीने सोळा एफ दिसतात आणि अब्जावधी चुका झाल्याच्या भीतीने तातडीचे तिकीट उघडले जाते. त्याचा अर्थ एवढाच, की त्या ड्रायव्हरकडे तो काउंटर उपलब्धच नाही. तो आकडा सरळ बाजूला ठेवावा.

सगळे आकडे एकदा टिपून घेतल्यावर त्याच डिरेक्टरीतील रीसेट-स्टॅटिस्टिक्स या फाइलमध्ये १ लिहून काउंटर शून्य करावेत आणि वेळ नोंदवावी. जुना आकडा कितीही मोठा असला तरी तो केव्हाचा आहे हे कळत नाही; कदाचित दोन वर्षांपूर्वी रॅक हलवला तेव्हाचाही असेल. लिंक फेल्युअर, लॉस ऑफ सिंक आणि लॉस ऑफ सिग्नल हे तिन्ही समोरचे उपकरण रीबूट झाले किंवा केबल काढली तरी वाढतात, म्हणून त्यांत थोडी वाढ दिसली तर ती घाबरण्याजोगी नाही. सीआरसी आणि इनव्हॅलिड टीएक्स वर्ड यांची गोष्ट वेगळी आहे. लिंक स्थिर असताना ते वाढत असतील, तर तारेवरून येणारा संकेत बिघडतो आहे हे निश्चित.

स्विचच्या बाजूचे आकडे, आणि दिशा

आता स्विचकडे वळावे. पुढील कमांड ब्रोकेड स्विचवरच्या आहेत. सिस्को एमडीएसवर इंटरफेसचे काउंटर आणि ट्रान्सीव्हरचा तपशील दाखवणाऱ्या कमांड तेच काम करतात. सर्व्हरवर मिळालेला डब्ल्यूडब्ल्यूपीएन ‘नोडफाइंड’ला दिला की तो कोणत्या पोर्टवर लॉगिन झाला आहे ते समजते. लेबलवर विसंबण्यापेक्षा हे बरे. रॅकमागच्या लेबलांवरचा क्रमांक आणि प्रत्यक्षातला पोर्ट यांत तफावत असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

‘पोर्टएररशो’ सगळ्या पोर्टांचा तक्ता एकदम दाखवते. तो वाचताना एक तत्त्व कायम लक्षात ठेवावे: चूक मोजतो तो घेणारा, दोष असतो तो त्याच्या अलीकडे. स्विचच्या पोर्टवर सीआरसी चुका वाढत असतील, तर सर्व्हरच्या एसएफपीचा लेझर, सर्व्हरकडून स्विचकडे येणारा तंतू, वाटेतले जोड आणि स्विचच्या एसएफपीचा ग्राहक भाग एवढेच संशयित उरतात. सर्व्हरवर वाढत असतील तर उलट दिशा. दुहेरी एलसी (हा जोडाचा प्रकार) केबलमध्ये जाण्याचा आणि येण्याचा तंतू वेगवेगळे असतात, आणि त्यांतला एकच मळलेला असणे अगदी सर्वसाधारण आहे. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की निम्मे संशयित तिथेच गळतात.

त्या तक्त्यात सीआरसी एरर आणि सीआरसी जी-ईओएफ (सीआरसी चुकला, पण फ्रेमच्या शेवटची खूण चांगली) असे दोन शेजारचे स्तंभ असतात. माझ्या मते संपूर्ण तक्त्यातली सर्वांत मोलाची माहिती या दोन स्तंभांत आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ब्रोकेड स्विच फ्रेम पूर्ण येण्याची वाट न पाहता ती पुढे पाठवू लागतो. फ्रेमच्या शेवटी सीआरसी जुळला नाही असे कळेपर्यंत ती बरीचशी पुढे गेलेली असते. तेव्हा तो तिच्या शेवटचा खुणेचा शब्द बदलून ‘ही फ्रेम अवैध आहे’ असा शिक्का मारतो. पुढचा प्रत्येक पोर्ट सीआरसी चूक मोजतो, पण शिक्का पाहून जी-ईओएफ हा स्तंभ मात्र वाढवत नाही. म्हणजे बिघडलेली आणि तरीही शेवट चांगला असलेली फ्रेम ज्या पोर्टवर प्रथम मोजली गेली, त्याच पोर्टला येणाऱ्या लिंकवर दोष जन्मला. समजा एका स्विचवर १४व्या पोर्टसमोर दोन्ही स्तंभांत २१२ दिसतात, आणि दुसऱ्या स्विचवर या दोघांना जोडणाऱ्या पोर्टसमोर सीआरसी २१२ पण जी-ईओएफ शून्य दिसतो. अशा वेळी दोन स्विचमधली लांब केबल निर्दोष आहे. खराबी १४व्या पोर्टला आलेल्या केबलवर किंवा तिच्या पलीकडच्या टोकाला आहे. हा फरक न पाहता दोन स्विचमधली केबल बदलण्यासाठी अख्खी रात्र बंद मागणारी पथके आहेत.

तक्त्यातील मोठे आकडे के आणि एम लावून संक्षिप्त दिसतात. एक पूर्णांक दोन के असे दिसत असेल तर दहा-वीस चुकांची वाढ त्यात लपून जाते. म्हणून येथेही ‘पोर्टस्टॅट्सक्लिअर’ने तो पोर्ट शून्य करावा. नंतर एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा शांत वेळी वाचन घ्यावे. सीआरसी चूक होण्यासाठी मुळात फ्रेम वाहावी लागते, त्यामुळे ती भार असतानाच वाढते. ८ जीबीपर्यंतच्या (येथे जीबी म्हणजे सेकंदाला गिगाबिट) लिंकवर मात्र एन्क आउट हा काउंटर फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या चुकाही मोजतो, आणि म्हणून लिंक रिकामी असतानाही तो वाढत राहतो. बॅकअपची वाट न पाहता दुपारीच दोष दिसतो, तो यामुळे.

मध्येच एक सूचना. जुन्या ८ जीबी पोर्टवर ‘पोर्टस्टॅट्सशो’मध्ये ईआर-बॅड-ओएस हा काउंटर भरधाव वाढताना दिसला आणि सीआरसी शून्यच राहिला, तर केबलला हात लावू नये. मोकळ्या वेळात पाठवायचा भरावशब्द कोणता, यावर दोन्ही टोकांचे एकमत नसल्याची ती खूण आहे. उपाय ‘पोर्टसीएफजीफिलवर्ड’मध्ये आहे, आणि ती कमांड लिंक क्षणभर पाडते, म्हणून ती ठरलेल्या वेळीच चालवावी. १६ जीबी आणि त्यापुढे संकेतनाची पद्धतच बदलली असल्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही.

प्रकाश किती पोहोचतो

‘एसएफपीशो’ला पोर्ट क्रमांक दिला की पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश मायक्रोवॉट आणि डीबीएम या दोन्ही एककांत दिसतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, आणि दर ३ डीबीच्या घटीला प्रकाश निम्मा होतो. सर्व्हरच्या बाजूचे आकडे कार्डाच्या उत्पादकाच्या साधनातून घ्यावे लागतात: एम्युलेक्ससाठी ‘एचबीएसीएमडी’, क्यूलॉजिकसाठी ‘क्यूएयूसीएलआय’. एम्युलेक्स आता ब्रॉडकॉमकडे आणि क्यूलॉजिक मार्व्हेलकडे आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधल्यास नवी आवृत्ती सापडायला वेळ लागतो.

एका टोकाने पाठवलेल्या प्रकाशातून दुसऱ्या टोकाला मिळालेला प्रकाश वजा केला की वाटेतला तोटा कळतो. ८५० नॅनोमीटरवर बहुपथी (मल्टिमोड) तंतूचा तोटा किलोमीटरला सुमारे ३.५ डीबी धरतात, म्हणजे ३० मीटर केबलमध्ये जेमतेम ०.१ डीबी. जोडासाठी मानकाने दिलेली कमाल मर्यादा ०.७५ डीबी आहे. पॅच पॅनेलचे दोन जोड धरले तरी दीड-दोन डीबीच्या वर तोटा जाण्याचे कारण नाही. तो ४-५ डीबी असेल तर कुठेतरी टोक मळले आहे किंवा केबल दाबली गेली आहे, आणि एवढे कळण्यासाठी कोणताही मार्ग बंद करावा लागलेला नाही.

तोटा कमी आहे आणि चुका मात्र होतच आहेत, असेही घडते. तेव्हा केबलची जात पाहावी. नारिंगी आवरणाची जुनी ओएम-२ केबल ८ जीबीला ५० मीटरपर्यंत चालते. १६ जीबीला तिची मर्यादा ३५ मीटर आणि ३२ जीबीला अवघी २० मीटर आहे. समुद्रनिळ्या ओएम-३ला याच तीन वेगांवर १५०, १०० आणि ७० मीटर मिळतात. स्विच आणि कार्डे नवी घेतली, जमिनीखालची केबल जुनीच राहिली आणि तक्रारी नेमक्या तेव्हापासून सुरू झाल्या, असे असेल तर ‘पोर्टसीएफजीस्पीड’ने तो पोर्ट तात्पुरता ८ जीबीवर बांधून पाहावा. वेग बदलताना लिंक एकदा पडेल, म्हणून हेही दुसरा मार्ग तपासूनच करावे. चुका लगेच थांबल्या, तर संशय केबलच्या जातीवर आणि लांबीवर पक्का होतो. एसएफपी बदलून तिथे काही साधणार नाही.

लूपबॅक चाचण्या

येथून पुढच्या चाचण्या मार्ग बंद करूनच होतात. स्विचवर ‘पोर्टडिसेबल’ करून मार्ग पाडावा आणि मल्टिपाथने सगळा भार दुसऱ्या बाजूला नेल्याचे डोळ्यांनी पाहावे. चाचणीचा क्रम आतून बाहेर ठेवावा. प्रथम आतली लूपबॅक: यात कार्डाची चिप स्वतःलाच माहिती पाठवते आणि एसएफपीपर्यंत जात नाही. ही नापास झाली तर कार्ड सदोष आहे आणि शोध संपला. ती पास झाली तर केबल काढून एसएफपीत लूपबॅक प्लग बसवावा, म्हणजे त्याचाच लेझर त्याच्याच ग्राहक भागाकडे वळतो, आणि बाहेरची लूपबॅक चालवावी. आतली पास आणि बाहेरची नापास म्हणजे एसएफपी किंवा त्याची खोबण. एसएफपी पुसून, आणि मग बदलून, हीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही पास झाल्या तर केबल पुन्हा जोडून, पोर्ट सुरू करून, इको चाचणी किंवा स्टोरेजपर्यंतची रीड-राइट बफर चाचणी घ्यावी. ही शेवटची चाचणी संपूर्ण मार्ग तपासते, आणि तीच नापास झाली तर आधीच्या दोन निकालांमुळे संशय केबल किंवा पलीकडच्या टोकापुरता उरतो.

‘एचबीएसीएमडी’त लूपबॅकटेस्ट ही उपकमांड डब्ल्यूडब्ल्यूपीएन, चाचणीचा प्रकार आणि फेऱ्यांची संख्या घेते. पहिल्या चुकीला थांबायचे की मोजत राहायचे हेही तिला सांगता येते; मधूनच येणाऱ्या दोषासाठी मोजत राहणेच योग्य. नमुन्याच्या माहितीत एकच बाइट पुन्हा पुन्हा पाठवण्याऐवजी बदलत्या बाइटांचा नमुना निवडावा, कारण एकसुरी संकेत कमजोर लिंकवरूनही बिनबोभाट पार पडतो.

फेऱ्या किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फायबर चॅनेलच्या मानकात दहाचा बारावा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक चूक मान्य आहे. ८ जीबी लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला साडेआठ अब्ज बिट वाहतात. म्हणजे मर्यादेवरची लिंकही सुमारे दोन मिनिटांत एकदाच चुकेल. दहा सेकंदांची चाचणी पास झाली यावरून काहीही सिद्ध होत नाही. ती निदान अर्धा तास चालू द्यावी, आणि शक्य असेल तर रात्रभर.

दोन्ही टोके १६ जीबी किंवा त्यापुढची असतील आणि डी-पोर्टला (पोर्टच्या निदानावस्थेला) आधार देत असतील, तर प्लग न बसवताही बरेच काम होते. ‘पोर्टसीएफजीडीपोर्ट’ने पोर्ट निदानावस्थेत न्यावा आणि ‘पोर्टडीपोर्टटेस्ट’ चालवावी. ती विद्युत लूपबॅक, प्रकाशीय लूपबॅक आणि पूर्ण भाराची वाहतूक क्रमाने तपासते आणि केबलची लांबीही मोजून देते. लांबीचा आकडा आराखड्याशी ताडून पाहावा. १५ मीटरच्या जागी ६० मीटर निघाले, तर वाटेत कोणाला न आठवणारे एखादे पॅच पॅनेल आहे. निदानावस्थेतला पोर्ट फॅब्रिकमधून (स्विचांच्या जाळ्यातून) बाहेर असतो, म्हणून काम झाल्यावर तो पूर्ववत करायला विसरू नये.

केबलची साफसफाई

एलसी जोडाच्या मधला पांढरा फेरूल (तंतू धरणारी नळी) १.२५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या मध्यभागी ५० मायक्रॉनचा गाभा असतो. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बोटाचा स्पर्श झालेले टोक पाहिले, तर गाभ्याभोवती तेलकट वलय दिसते आणि त्यात धुळीचे काळे कण चिकटलेले असतात. असे टोक स्वच्छ एसएफपीत बसवले की तीच घाण तिथेही लागते. त्यामुळे नुसती केबल पुसून पुरत नाही. एसएफपीच्या छिद्रासाठीचा क्लिकर (दाबताच टोक पुसणारे पेनासारखे साधन) वापरून दोन्ही बाजू पुसाव्यात, आणि पॅच पॅनेलमधल्या जोडाच्या दोन्ही बाजूही. आधी कोरडी सफाई करावी. भागले नाही तरच शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओले पुसून लगेच कोरडे करावे. शर्टाच्या टोकाने पुसणे किंवा तोंडाने फुंकणे पूर्णपणे टाळावे, कारण फुंकरीतला ओलावा वाळून त्याचा डाग राहतो. फायबर हाताळण्याआधी लेझर बंद आहे याची खात्री करावी आणि टोकात थेट पाहू नये. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो. प्लॅस्टिकचे टाय घट्ट आवळले असतील तर ते कापून वेल्क्रो लावावे. केबलचे वळण तिच्या जाडीच्या दहापटीहून कमी त्रिज्येचे नसावे.

अदलाबदल करायचीच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन्हीकडचे काउंटर पुन्हा शून्य करावेत आणि चूक कोणाबरोबर सरकते ते पाहावे. झोनिंग (कोणाला कोण दिसावे याचे स्विचवरचे नियम) डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर असेल तर केबल शेजारच्या मोकळ्या पोर्टमध्ये हलवता येते. पोर्टवर असेल तर झोन बदलल्याशिवाय सर्व्हरला स्टोरेज दिसणार नाही.

साफ केल्यावरही लिंक मंद राहिली तर

केबल स्वच्छ झाली, सीआरसी थांबला, तरी बॅकअप पूर्वीसारखा वेगाने होत नाही, अशी तक्रार नंतर येऊ शकते. केबल न काढता नुसता तिच्यावरचा दाब किंवा वळण सुधारून दुरुस्ती झाली असेल, तर हे विशेषतः दोन स्विचमधल्या लिंकवर घडते. फायबर चॅनेलमध्ये पाठवणाऱ्याकडे बफर क्रेडिट असतात. प्रत्येक फ्रेममागे एक खर्च होते आणि समोरून आर-रेडी हा छोटा संकेत आला की परत मिळते. खराब लिंकवर फ्रेमप्रमाणे हा संकेतही बिघडतो, आणि बिघडलेला आर-रेडी पुन्हा पाठवला जात नाही. प्रत्येक वेळी एक क्रेडिट लिंक रीसेट होईपर्यंत बुडते. पुरेशी बुडाली की पाठवणारा तिष्ठत राहतो, आणि ‘पोर्टस्टॅट्सशो’मधला टिम-टीएक्ससीआरडी-झेड हा काउंटर झपाट्याने चढतो. तो दर अडीच मायक्रोसेकंदाला मोजला जातो, त्यामुळे व्यग्र पोर्टवर थोडा चढणारच. त्याच भाराखालच्या शेजारच्या पोर्टशी तुलना करूनच निष्कर्ष काढावा. क्रेडिट परत आणण्यासाठी लिंक रीसेट करावी लागते. म्हणून दुरुस्तीनंतर तो पोर्ट ठरलेल्या वेळी एकदा बंद करून सुरू करावा.

आयस्कझी असेल तर

स्टोरेज इथरनेटवर असेल तरी विचाराची दिशा तीच आहे, साधन ‘इथटूल’ असते. ‘-एस’ने (एस मोठ्या लिपीतला, पुढची अक्षरे लहान) काउंटर दिसतात आणि त्यांत आरएक्स सीआरसी एरर पाहावेत; ‘-एम’ने एसएफपीतला प्रकाश कळतो; ‘-पी’ने पोर्टचा दिवा लुकलुकतो आणि रॅकमागे नेमके कोणते भोक ते समजते. ‘-टी’ला ऑफलाइन हा पर्याय दिल्यास रजिस्टर, इंटरप्ट आणि लूपबॅक तपासले जातात, पण त्या काळात इंटरफेस बंद पडतो. फाइल-सिस्टम त्याच एका इंटरफेसवर चढवलेली असताना ही चाचणी कधीही चालवू नये.

सगळे आकडे शून्य, प्रकाश उत्तम, लूपबॅक पास, आणि तरीही मार्ग तुटतो, असा उरलेला प्रकार केबलचा नसतो. तेव्हा मार्ग तुटण्याच्या क्षणी लॉस ऑफ सिग्नल वाढला का ते पाहावे. तो न वाढता फक्त रिमोट पोर्ट गेला असेल, तर स्टोरेजच्या कंट्रोलरचा लॉग, त्याचे फर्मवेअर आणि कार्डाच्या ड्रायव्हरची आवृत्ती यांकडे जावे, आणि उत्पादकाकडे तक्रार नोंदवताना शून्य केल्याची वेळ, दोन्ही टोकांची आधीची आणि नंतरची वाचने व तिन्ही लॉग एकत्र जोडावेत. एवढे हाती असले की ‘आधी केबल बदलून पाहा’ हे उत्तर येत नाही.